एन. डी. पाटील यांची विधिमंडळातील कारकीर्द कशी अभ्यासावी?

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी ‘कोल्हापूरचे माजी आमदार प्रा. एन. डी. पाटील यांची राजकीय कारकीर्द’ हा विषय घेतलेल्या एका विद्यार्थिनीने असे विचारले आहे की, तारखांचा तक्ता तर तयार झाला, पण त्यात विधान परिषदेची १८ वर्षे, विधानसभेची एकच मुदत आणि जेमतेम दीड वर्षाचे मंत्रिपद एवढेच हाती लागते. मग एवढ्यावरून ही कारकीर्द मोठी कशी म्हणायची, आणि तिचा अभ्यास नेमका कोणत्या साधनांवरून करायचा? राज्यशास्त्र शिकवण्यात आणि लोकप्रतिनिधींवरचे प्रबंध तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

तुमची अडचण तक्त्यातच आहे. निवडणूक, मताधिक्य, खाते आणि पद असे रकाने आखले की सत्तेत राहिलेल्या माणसाची कारकीर्द त्यात बऱ्यापैकी मावते. ज्यांनी जवळजवळ सगळा काळ विरोधी बाकांवर काढला, त्यांच्यापुढे हेच रकाने रिकामे राहतात आणि त्यावरून त्यांच्या हातून काही झाले नाही असा समज होतो. अशा आमदाराची कारकीर्द प्रश्नागणिक मांडावी लागते. त्यांनी कोणता प्रश्न हाती घेतला, तो सभागृहात कोणत्या आयुधाने (म्हणजे प्रश्न, सूचना की प्रस्ताव) मांडला, सभागृहाबाहेर कुठवर नेला, आणि वीस-तीस वर्षांनी त्याच प्रश्नावर ते कुठे उभे होते, एवढे शोधले की एन. डीं.ची कारकीर्द आपोआप उभी राहते. तुमच्या प्रकल्पाचा आराखडा मी तरी याच क्रमाने करायला सांगेन.

अर्थात तक्ता टाकून द्यायचा नाही. तो आधी बिनचूक करायचा. नारायण ज्ञानदेव पाटील यांचा जन्म १५ जुलै १९२९ रोजी सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातल्या ढवळी गावी शेतकरी कुटुंबात झाला. १९४८ मध्ये, म्हणजे पक्षाच्या स्थापनेनंतर वर्षभरातच, ते शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) आले. पुणे विद्यापीठातून त्यांनी अर्थशास्त्रात एम. ए. केले, साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवले, तिथल्या ‘कमवा व शिका’ योजनेची जबाबदारी सांभाळली आणि नंतर इस्लामपूरच्या कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजचे ते प्राचार्य झाले. १९६० ते १९६६, १९७० ते १९७६ आणि १९७६ ते १९८२ या तीन मुदती त्यांनी विधान परिषदेत काढल्या, १९७८ ते १९८० या काळात ते शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात सहकारमंत्री होते, आणि १९८५ ते १९९० या काळात कोल्हापूर मतदारसंघाचे आमदार. १७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, सीमाभागात तो दिवस आधीपासूनच दरवर्षी हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

या मजकुरात विद्यार्थ्यांच्या हमखास चुका होतात, त्या आधीच सांगून ठेवतो. पहिली अशी की, १९७८ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच वर्षी ते मंत्री झाले, म्हणून ते त्या निवडणुकीत निवडून आले असे लिहिले जाते. ते तेव्हा परिषदेचे सदस्य होते आणि परिषदेतूनच मंत्री झाले. दुसरी चूक, १९८५ चा ‘कोल्हापूर’ मतदारसंघ आणि आजचा ‘कोल्हापूर उत्तर’ एकच धरण्याची. मधल्या काळात मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ पासून निवडणुका नव्या हद्दींवर होऊ लागल्या, त्यामुळे तेव्हाच्या आणि आजच्या मतांची सरळ तुलना करता येत नाही. १९८५ चे मतदान हवे असेल तर निवडणूक आयोगाचा त्या निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल उघडा; वर्तमानपत्रांतल्या जुन्या आकड्यांवर विसंबू नका. तिसरी गोष्ट चूक नव्हे, पण सुटून जाते: १९६६ ते १९७० आणि १९८२ ते १९८५ या दोन काळांत ते कोणत्याच सभागृहात नव्हते. पहिल्या खंडाच्या शेवटी, १९६९ मध्ये, ते पक्षाचे सरचिटणीस झाले. सभागृहाबाहेरच्या या वर्षांत संघटनेचे काम कसे चालले होते, हे पाहिल्याशिवाय आतल्या वर्षांचा अर्थ नीट लागत नाही.

आता विधान परिषदेविषयी. आज परिषदेची आमदारकी म्हणजे नाराजांची सोय असे सर्रास बोलले जाते, आणि विद्यार्थी तीच समजूत १९६० च्या परिषदेवर लादतात. हे बरोबर नाही. परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, सात पदवीधरांकडून आणि सात शिक्षकांकडून निवडल्या जातात, तर १२ सदस्य राज्यपाल नेमतात. १९६० ते १९७८ या काळात वि. स. पागे सभापती होते. रोजगार हमी योजनेची कल्पना ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे पागे. अशा सभागृहात, सदस्यत्वासाठी लागणारी किमान ३० वर्षांची वयोमर्यादा नुकतीच गाठलेला अर्थशास्त्राचा एक तरुण प्राध्यापक जाऊन बसला. लहान पक्षाच्या सदस्याला विधानसभेत बोलायला जेवढी मिनिटे मिळत, त्यापेक्षा परिषदेत विषय खोलात मांडण्याला अधिक वाव होता, आणि तासन्‌तास आकडेवारीसह बोलण्याची त्यांची जी पद्धत पुढे सभांमधून महाराष्ट्राने ऐकली, ती या काळातच घडली असावी असे माझे मत आहे.

त्यांचा स्वतःचा असा मतदारसंघ का झाला नाही, असेही तुम्ही विचारू शकता. वाळव्याच्या राजकारणावर राजारामबापू पाटील यांचा ठसा होता, आणि एन. डीं.चा वेळ एका तालुक्याऐवजी पक्षाच्या राज्यभराच्या कामात गेला. याच पक्षातले गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा विधानसभेवर गेले. १९६२ पासून मधल्या दोन पराभवांचा अपवाद सोडता ते २०१९ पर्यंत आमदार राहिले. दोघांची निष्ठा एक, विचार एक, पण एकाचे काम टेंभू सिंचन योजनेच्या पाण्यापासून सूतगिरणीपर्यंत एका तालुक्यात उभे दिसते, तर दुसऱ्याचे काम कापसाच्या भावात, सीमाप्रश्नाच्या कागदपत्रांत आणि आंदोलनांत विखुरलेले आहे. देशमुखांना लावलेले माप एन. डीं.ना लावले तर ते उणे भरणार.

साधनांमध्ये सर्वांत मोलाचे साधन म्हणजे विधिमंडळाची छापील कार्यवाही. मुंबईच्या विधान भवनातील ग्रंथालयात तिचे खंड आहेत. ही इमारत १९८१ मध्ये सुरू झाली, एन. डीं.ची परिषदेतली बहुतेक वर्षे अपोलो बंदराजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये आणि हिवाळी अधिवेशनांपुरती नागपुरात गेली. खंड हाती घेताना अनुक्रमणिकेत सदस्याचे नाव शोधून त्यांची भाषणे तेवढी वाचू नका. एखाद्या दिवसाची कार्यवाही सुरुवातीपासून वाचा. प्रश्नोत्तराच्या तासात तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाला मंत्र्याचे छापील उत्तर असते, बहुधा दोन ओळींचे: ‘होय’, ‘नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. खरी परीक्षा त्याखालच्या उपप्रश्नांत होते. उपप्रश्न विचारणाऱ्याने घरी तयारी केली आहे की नाही, हे तिथे लगेच दिसते, कारण तयारी नसलेला सदस्य भाषण करू लागतो आणि सभापती त्याला थांबवतात, तर तयारी असलेला सदस्य एकच आकडा विचारतो आणि मंत्र्याला माहिती घेऊन सांगण्याचे आश्वासन द्यावे लागते. ते आश्वासन टिपून ठेवा. पुढच्या अधिवेशनात त्याचे काय झाले, मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीकडे ते गेले का, हे शोधले की एका उपप्रश्नाची दोन वर्षांची वाटचाल तुमच्या हाती येते. ‘असुधारित प्रत’ असे वर छापलेली पाने मिळाली तर त्यांतून सभागृहातला गोंधळ आणि अडथळेही कळतात, परंतु उद्धृत करताना सुधारित, छापील खंडाशी ताडून मगच करा.

लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, परिषदेच्या नियम २६० खालचा प्रस्ताव ही बाकीची आयुधे. यांपैकी कपात सूचनांकडे अभ्यासक फारसे बघत नाहीत, आणि ते योग्य नाही. अर्थसंकल्पातल्या मागणीवर नाममात्र रकमेची कपात सुचवून सदस्य एखाद्या खात्याच्या कामाकडे लक्ष वेधतो. मंजूर होण्याची आशा नसतानाही ती दिली जाते. वर्षानुवर्षे कोणत्या खात्यांवर या सूचना दिल्या गेल्या याची यादी केली की सदस्याची आस्था कुठे होती हे त्याच्या चरित्रकारांपेक्षा अचूक कळते. फक्त एक ध्यानात ठेवा: ही आयुधे विधानसभेत वापरली तर नियमांचे क्रमांक बदलतात, विरोधी पक्षाचा प्रस्ताव तिथे नियम २९३ खाली येतो, शिवाय अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर मतदान विधानसभेतच होते, म्हणून कपात सूचनांची यादी तुम्हाला १९८५ नंतरच्या खंडांतूनच करावी लागेल.

मंत्रिपदाचा काळ तुमच्या तक्त्यात सर्वांत लहान आहे, पण तुमच्या प्रकल्पात त्याला मोठे प्रकरण द्यावे असा माझा आग्रह आहे. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि १७ फेब्रुवारी १९८० रोजी ते सरकार बरखास्त झाले. सहकार खात्याकडे तेव्हा कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. १९७१ च्या कायद्यानुसार ही योजना १९७२ पासून सुरू झालेली होती: महाराष्ट्रातला सगळा कापूस सरकारने खरेदी करायचा, शेतकऱ्याला केंद्रावर हमीभाव द्यायचा, रुई आणि गाठी विकून नफा झाला तर त्यातला वाटा पुन्हा शेतकऱ्याला द्यायचा आणि उरलेला भाग पडत्या काळासाठी निधीत ठेवायचा. कागदावर सरळ दिसणारी ही योजना प्रत्यक्षात प्रतवारी, वजनकाटा, चुकारे (विकलेल्या कापसाचे पैसे) मिळण्यातला उशीर आणि शेजारच्या राज्यांत जाणारा कापूस या चार जागी अडत होती. एन. डीं.नी ती नेटाने राबवली, आणि विदर्भ-मराठवाड्यातली त्या पिढीची शेतकरी माणसे आजही त्यांचे नाव कापसाशी जोडून घेतात.

इथे कोल्हापूरच्या वाचकाने थोडे थांबावे. आपल्याकडे कापूस नाही. आपला शेतकरी उसाचा, गुळाचा आणि भाताचा. त्याचे डोळे कारखान्याच्या पहिल्या उचलीकडे (उसाच्या पैशाच्या पहिल्या हप्त्याकडे) आणि मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्याकडे. एन. डीं.नी मंत्री म्हणून ज्या योजनेवर आपली ताकद लावली, तिचा लाभ त्यांच्या गावाला नव्हता आणि पुढे ज्या शहरातून ते निवडून आले त्या शहरालाही नव्हता. ज्या जिल्ह्यांत त्यांना एकही मत मागायचे नव्हते, त्या जिल्ह्यांसाठी त्यांनी मंत्रिपद वापरले. या एका गोष्टीवर तुमचे सबंध प्रकरण उभे राहू शकते. मात्र दुसरी बाजू टाळू नका. कापूस उत्पादकाला खुल्या बाजारात विकण्याची मोकळीक हवी असे म्हणणारी शरद जोशींची शेतकरी चळवळ याच सुमारास उभी राहिली, योजनेला पुढे मोठा तोटा झाला, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत एकाधिकार प्रत्यक्षात संपला. दोन्ही मतांना त्यांच्या त्यांच्या आकड्यांसह जागा द्या, एन. डीं.च्या अभ्यासाला आकड्यांची भीती नसावी.

१९८५ च्या निवडणुकीत काँग्रेसला २८८ पैकी १६१ जागा मिळाल्या, शेतकरी कामगार पक्षाला १३. त्या १३ मध्ये कोल्हापूर शहर होते. हे अचानक घडलेले नव्हते. संस्थानकाळातल्या माधवराव बागलांच्या प्रजापरिषदेच्या चळवळीपासून या शहरात सत्तेला जाब विचारण्याची सवय आहे, आणि त्र्यं. सी. कारखानीस यांच्यासारखे शेकापचे आमदार शहराने आधी पाहिले होते. बिंदू चौकातली सभा, पेठांतल्या तालमी, गल्लीतली तरुण मंडळे आणि कामगार संघटना यांच्या आधारावर इथला डावा पक्ष उभा होता. पाच वर्षांनी, १९९० मध्ये, याच शहराने शिवसेनेचा आमदार निवडून दिला. या दोन निवडणुकांच्या मध्ये पेठांतला तरुण एका झेंड्याखालून दुसऱ्या झेंड्याखाली कसा गेला, हा कोल्हापूरच्या राजकारणातला फार महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्यावर अजून पुरेसे लेखन झालेले नाही. तुमच्या प्रकल्पात त्याला पाच-सहा पाने मिळाली तरी ती उपयोगी पडतील.

१९९० नंतर ते कोणत्याही सभागृहात गेले नाहीत. तुमचा तक्ता इथे संपतो, आणि माझ्या मते कारकिर्दीचा सर्वांत भरीव भाग इथून सुरू होतो. त्याच वर्षी ते रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन झाले आणि २००८ पर्यंत ती धुरा त्यांच्याकडे होती. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्षपदही त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. हे दोन्ही विषय स्वतंत्र प्रबंधाचे आहेत, तुम्ही त्यांना उल्लेखापुरते ठेवा. दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाचा करार १९९३ मध्ये झाला तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. एन. डीं.च्या पत्नी सरोजताई या पवारांच्या भगिनी, म्हणजे मुख्यमंत्री त्यांचे सख्खे मेहुणे. तरीही एन्रॉनविरोधी लढ्यात एन. डी. आघाडीवर राहिले. रायगड जिल्ह्यात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतजमिनी घेण्याचे ठरले तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना ते तिथल्या शेतकऱ्यांबरोबर उभे होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांचे मत सरकारला मतपत्रिकेने घ्यावे लागले, आणि पुढे तो प्रकल्प उभा राहिला नाही.

कोल्हापूरच्या टोल आंदोलनाकडे मात्र बारकाईने पाहा, कारण त्याची साधने तुमच्या दारात आहेत. महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि खासगी कंपनी यांच्या करारातून शहरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते झाले आणि त्यांच्या वसुलीसाठी शहराच्या वेशींवर टोलनाके उभे राहिले. कागलहून दवाखान्यात येणारा, शिये-भुयेहून भाजी घेऊन येणारा, फुलेवाडीहून कॉलेजला येणारा, असा प्रत्येक जण स्वतःच्याच शहरात शिरताना पैसे मोजणार होता. सर्वपक्षीय कृती समितीच्या मोर्चांत एन. डी. आणि कॉम्रेड गोविंद पानसरे ही दोन ज्येष्ठ माणसे पुढे असत. २०१३ च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली तेव्हा एन. डीं.चे वय ८४ होते. भाषणांत ते घोषणांपेक्षा कराराच्या कलमांवर बोलत: रस्त्याचा दर्जा काय ठरला होता, प्रत्यक्षात काय झाले, मूल्यांकन कुणी केले, जनतेला न विचारता इतक्या वर्षांचा बोजा कुणी मान्य केला. सहकारमंत्री असताना आणि परिषदेत उपप्रश्न विचारताना जी रीत होती, तीच रीत आता नाक्यावर होती. पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला ते गेले. टोल रद्द झाला तो त्याच वर्षाच्या अखेरीस. हे यश पानसरे यांना पाहता आले नाही, याची सल कोल्हापुरात आजही आहे.

सीमाप्रश्न हा असाच लांब पल्ल्याचा विषय. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून ते २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यापर्यंत त्याचा धागा जातो, आणि राज्य सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष म्हणून एन. डी. या कामात अखेरच्या वर्षांपर्यंत होते. बेळगाव, निपाणी, खानापूरची माणसे त्यांना भेटायला कोल्हापुरात येत. या विषयावरची त्यांची विधिमंडळातली भाषणे आणि नंतरची समितीतली भूमिका शेजारी ठेवून वाचलीत तर एका माणसाच्या मतातले सातत्य तारखांनिशी दाखवता येईल.

एक अवघड प्रश्न तुम्हाला स्वतःहून विचारावा लागेल, कारण गौरवग्रंथांत तो सापडणार नाही. एन. डी. १९६९ ते १९७८ आणि पुन्हा १९८५ ते २०१० पक्षाचे सरचिटणीस होते. १९८५ मध्ये पक्षाचे १३ आमदार होते. १९९० मध्ये ८, १९९५ मध्ये ६, १९९९ मध्ये ५ आणि २००४ मध्ये २ उरले. नेता इतका आदरणीय आणि पक्ष इतका आक्रसलेला, हे कसे झाले? एका माणसावर याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाना, गोकुळ दूध संघ आणि जिल्हा बँक यांच्या सत्तेभोवती तालुक्याचे राजकारण फिरते. ज्याच्याकडे संस्था त्याच्याकडे कार्यकर्ता टिकतो, आणि शेकापच्या हाती इथे अशा संस्था फारशा नव्हत्या. १९९० नंतर तरुणांना ओढणारे मुद्देही बदलले. तरीसुद्धा आंदोलन जिंकूनही त्या यशाचे मतांत रूपांतर करण्याची व्यवस्था पक्षाने उभी केली नाही, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि सरचिटणीस म्हणून त्याची जबाबदारी एन. डीं.कडेही जाते. त्यांच्याविषयी मनात कितीही आदर असला तरी हे लिहायला कचरू नका. ते स्वतः प्राध्यापक होते; पुराव्यानिशी केलेल्या टीकेचा त्यांनी राग धरला नसता.

मुलाखती घ्याल तेव्हा पक्षातले लोक त्यांना ‘भाई’ म्हणतील, रयतमधले ‘सर’. दोन्ही गटांना भेटा, कारण दोघांना दिसलेला माणूस थोडा वेगळा आहे. प्रत्येक आठवणीला तारीख मागा, आणि ती त्या आठवड्याच्या वर्तमानपत्राशी ताडा; ‘सत्यवादी’ आणि ‘पुढारी’चे जुने अंक यासाठी उपयोगी पडतील, आणि करवीर नगर वाचन मंदिर व शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय या दोन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय मुंबई गाठू नका. सुरुवात १९६० पासून करण्याऐवजी १९८५ ते १९९० या पाच वर्षांपासून करा. विधानसभेचे त्या मुदतीचे खंड, शहरातल्या वर्तमानपत्रांचे अंक आणि त्या निवडणुकीत भिंती रंगवलेली, पेठांतून फिरलेली माणसे, ही तिन्ही साधने आज एकाच वेळी मिळू शकतात. त्यांतली शेवटची साधने वयाच्या सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणून मुलाखतींची वेळ याच सुट्टीत ठरवून टाका, आणि खंडांच्या झेरॉक्स नंतर काढा.